वॉशिंग्टन स्क्वेअर : चरखोदाईवरील पुरातत्त्वीय देखरेख
न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागातील सार्वजनिक उद्यान. १७९७ ते १८२५ या काळात येथे बेवारस व गरिबांची दफनभूमी होती. पिवळ्या तापाच्या साथींतील मृतांनाही येथेच पुरण्यात आले. सुमारे २०,००० लोक येथे पुरले गेले, असा अंदाज आहे. पुढे त्यावर बाग झाली. थडगी हलवली नाहीत.

अशा जागी नळ किंवा वीजवाहिनीसाठी चर खणताना पुरातत्त्वज्ञ यंत्राशेजारी उभा राहतो. मातीचा रंग बदलला, लाकडाचा कुजका पट्टा किंवा हाड दिसले, की तो यंत्र थांबवतो. पुढची माती खोऱ्याने नव्हे, थापीने व कुंचल्याने निघते. हे काम कंटाळवाणे असते. बहुतेक दिवस जुना राडारोडाच हाती लागतो. पण चर अरुंद असल्याने थडग्याचा कोपराच उघडा पडतो आणि निष्काळजी माणसाच्या नजरेतून तो सहज सुटतो.

नोव्हेंबर २०१५ मध्ये शतकाहून जुनी जलवाहिनी बदलताना या उद्यानालगतच्या रस्त्याखाली दोन घुमटाकार दफन-तळघरे सापडली. पैकी एक १९६५ मध्ये वीज कंपनीच्या खोदाईत आधीच उघडले गेले होते. दुसऱ्यात लाकडी शवपेट्या रचलेल्या होत्या. ही तळघरे गरिबांची नव्हेत, चर्चच्या दफनभूमीची असावीत. पेट्यांवरील धातूच्या पट्ट्या आत न शिरता, लांबून कॅमेऱ्याने वाचण्यात आल्या. पेट्या जागीच राहिल्या. जलवाहिनीचा मार्ग बदलला. उद्यानाच्या नूतनीकरणात मिळालेले अस्थी-अवशेष २०२१ मध्ये तेथेच पुन्हा पुरण्यात आले.