डग्लस टर्नर वॉर्ड : कृष्णवर्णीय रंगभूमीचा शिल्पकार

अमेरिकेतील कृष्णवर्णीय रंगभूमीला स्वतःचे हक्काचे व्यासपीठ मिळवून देणारे नट, नाटककार व दिग्दर्शक डग्लस टर्नर वॉर्ड यांचा जन्म ५ मे १९३० रोजी लुइझियाना राज्यातील बर्नसाइड येथे झाला. मूळ नाव रूझवेल्ट वॉर्ड. गुलामगिरीविरुद्ध लढलेले फ्रेडरिक डग्लस आणि नॅट टर्नर यांच्या स्मरणार्थ त्यांनी नवे नाव धारण केले. तरुणपणी न्यूयॉर्कला येऊन काही काळ पत्रकारिता केल्यावर ते अभिनयाकडे वळले.

१९६५ मध्ये त्यांच्या 'हॅपी एंडिंग' व 'डे ऑफ अ‍ॅब्सेन्स' या एकांकिका एकत्र रंगमंचावर आल्या. दुसरीत दक्षिणेतील एका गावातून सारे कृष्णवर्णीय एका सकाळी नाहीसे होतात आणि गावाचे व्यवहार ठप्प होतात. यातील गोऱ्यांच्या भूमिका कृष्णवर्णीय नटांनी चेहऱ्याला पांढरा रंग फासून केल्या. गोऱ्या नटांनी तोंडे काळी करून कृष्णवर्णीयांची टवाळी करण्याच्या जुन्या प्रथेलाच ते उत्तर होते.

१९६६ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मधील लेखात वॉर्ड यांनी अमेरिकी रंगभूमी केवळ गोऱ्यांसाठीच आहे काय, असा रोखठोक सवाल केला. परिणामी फोर्ड फाउंडेशनने अर्थसाहाय्य दिले आणि १९६७ मध्ये रॉबर्ट हुक्स व जेराल्ड क्रोन यांच्यासह त्यांनी 'निग्रो एन्सेम्बल कंपनी' स्थापन केली.

संस्थेचे पहिले नाटक गोमंतकीय वाचकाला विशेष जवळचे वाटावे. जर्मन नाटककार पीटर वाइस यांच्या 'साँग ऑफ द लुसिटानियन बोगी'चा विषय होता आफ्रिकेतील पोर्तुगीज राजवटीचे अत्याचार. जानेवारी १९६८ मध्ये ते रंगमंचावर आले, तेव्हा गोवा मुक्त होऊन सहा वर्षे लोटली होती. अंगोला मात्र अद्याप पारतंत्र्यात होता. तरीही टीका झालीच. कृष्णवर्णीयांच्या संस्थेने आरंभी गोऱ्या लेखकाचे नाटक का घ्यावे, नावात 'निग्रो' हा शब्द कशाला, नाट्यगृह हार्लेमबाहेर का, असे आक्षेप स्वकीयांनीच घेतले. वॉर्ड यांनी कामातूनच उत्तर दिले. त्यांनी दिग्दर्शित केलेल्या 'द रिव्हर नायजर'ला १९७४ मध्ये सर्वोत्कृष्ट नाटकाचा टोनी पुरस्कार लाभला. चार्ल्स फुलर यांच्या 'अ सोल्जर्स प्ले'ने १९८२ मध्ये पुलित्झर पारितोषिक पटकावले. त्यात डेन्झेल वॉशिंग्टन व सॅम्युएल एल. जॅक्सन हे तेव्हाचे नवखे नट होते.

२० फेब्रुवारी २०२१ रोजी न्यूयॉर्क येथे वॉर्ड यांचे निधन झाले.