वैशाखात साठवलेला आषाढ

आपल्याच मातीतले, त्या त्या ऋतूतले खावे, हा सल्ला आज बहुधा ताज्या भाजीची टोपली डोळ्यांसमोर ठेवून दिला जातो. कोकणाचा इतिहास पाहिला की हे चित्र अपुरे वाटते. तिथे बारा महिने गावचे अन्न पानात पडे ते मुख्यतः बेगमीच्या बळावर. पावसाळ्यात हा मुलूख जवळजवळ मिटून जाई. दर्या खवळला की गलबते, आणि पुढच्या काळात किनाऱ्याच्या आगबोटीही, बंद होत; घाटवाटा बिकट होत; मासेमारी नारळी पौर्णिमेपर्यंत थांबे. कोकण रेल्वे पूर्ण व्हायला १९९८ साल उजाडले. त्यामुळे आषाढात काय खायचे हे वैशाखातच ठरत असे.

आगोट लागण्याआधीचे ते दिवस म्हणजे वर्षातली सर्वांत मोठी पाकसिद्धी. पिकलेल्या रातांब्यांची साले त्यांच्याच रसात मीठ घालून पुन्हा पुन्हा भिजवायची, पुन्हा पुन्हा वाळवायची, तेव्हा टिकाऊ आमसूल तयार होई. आंब्याफणसाची साटे घातली जात, आठळ्या मातीत पुरून ठेवल्या जात, बोंबील दोऱ्यांवर वाळत, बांगडे खारवले जात. भात कणगीत असे आणि भातकापणीनंतर उरलेल्या ओलीवर आलेला कुळीथ पिठाच्या रूपाने डब्यात. गोव्यात या साठ्याला पुरुमेंत म्हणतात. शब्द पोर्तुगिजांकडून आलेला, पण गरज इथल्या पावसाची. मडगावात मे-जूनच्या सुमारास भरणाऱ्या पुरुमेंताच्या फेस्तात सुकी मासळी, मिरच्या, सोलां यांची खरेदी आजही होते.

ताजे अन्न नव्हतेच असे नाही. पहिल्या पावसाबरोबर शेवळे उगवत, मागोमाग टाकळा, भारंगी, करटोली येत. शेवळ्यांनी घसा खाजतो म्हणून उत्तर कोकणात त्यांत काकडांची आंबट फळे घालतात. अशी जोडी पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणाशिवाय जमत नाही. भाद्रपदातल्या ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे अन्न वर्ज्य करून परसातल्या व रानातल्या भाज्यांवर दिवस काढण्याचा नेम आहे. त्यामागचा धार्मिक हेतू काहीही असो, नांगराशिवाय काय मिळते ही ओळख त्या व्रताने वर्षातून एकदा तरी उजळून घेतली.

यावर कोणी म्हणेल, ही निवड कुठे होती, ही तर लाचारी. शिवाय डोंगरउताराच्या वरकस जमिनीवरची नाचणी आणि खाचरांतले भात सगळ्यांना वर्षभर पुरत नव्हते. रत्नागिरीची माणसे मुंबईच्या गिरण्यांत राबली आणि त्यांच्या मनिऑर्डरींवर घरची चूल चालली. हे खरे आहे, आणि स्वयंपूर्ण कोकणाची गोड गोष्ट सांगणाऱ्यांनी ते लपवू नये. पण अडचणीतून जन्मले म्हणून ज्ञान खोटे ठरत नाही. धान्य विकत आणावे लागले तरी त्याला चव आणि पोषण देणारे सोल, सुकट, कुळथाची पिठी घरचीच राहिली. दुसरा आक्षेप शुद्धतेचा. मिरची आणि काजू पोर्तुगिजांबरोबर अमेरिकेतून आले, मग स्थानिक म्हणायचे तरी कशाला? माझ्या मते, जे इथल्या मातीत रुजले आणि जे टिकवण्याची रीत इथल्या हातांनी शोधली, ते स्थानिक. अन्नाचे गाव त्याच्या बियाण्याच्या मूळ देशापेक्षा या दोन कसोट्यांवर ठरते.

खरा कठीण प्रश्न वेगळाच आहे. ही सारी बेगमी बायकांच्या श्रमावर उभी होती आणि तिला मोल नव्हते. वैशाखाच्या उन्हात वाळवणे राखणारे हात शिकायला गेले, नोकरीला गेले, हे चांगलेच झाले. म्हणून ती पद्धत जशीच्या तशी परत आणा, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण ऋतूप्रमाणे खायचे असेल तर भाजीबरोबरच आमसुलाच्या आणि सुकटीच्या मागच्या कष्टाचेही पूर्ण दाम मोजावे लागेल. तसे केले नाही, तर स्थानिक अन्न हंगामातल्या काही आठवड्यांपुरतेच उरेल.