निशाभय, स्वमग्न मुलांमधील

गाढ झोपेतील मूल पूर्ण जागे न होता भीतीने किंचाळत उठते, त्या निद्राविकारास निशाभय म्हणतात (पहा : झोप). तो बहुधा रात्रीच्या पहिल्या तृतीयांशात उद्भवतो. अपुरी झोप, ताप, झोपेतील श्वासरोध ही त्याची निमित्ते, आनुवंशिकताही आढळते. आवाज, कपड्याचा स्पर्श वा दिनक्रमातील बदल न सोसणाऱ्या स्वमग्न मुलाची झोप मुळातच तुटक असते (पहा : स्वमग्नता).

निशाभयात डोळे उघडे, अंगाला घाम, नाडी जलद. तरी मूल आईलाही ओळखत नाही आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. याउलट दुःस्वप्न बहुधा उत्तररात्री पडते व आठवते. न बोलणाऱ्या मुलाला काय आठवते हे सांगता येत नाही, म्हणून पालकांनी टिपलेली वेळ हाच निदानाचा मोठा आधार. एकाच साच्याच्या हालचाली रात्रीतून अनेकदा झाल्यास मोबाइलवरील चित्रण डॉक्टरांना दाखवावे. त्या अपस्माराच्या असू शकतात; स्वमग्नतेत त्याचे प्रमाण अधिक असते (पहा : अपस्मार).

निशाभयाच्या झटक्याच्या वेळी मुलाला गदागदा हलवू नये, आवळून धरू नये. केवळ इजा टाळावी. झटका ठरावीक वेळी येत असल्यास १५ ते ३० मिनिटे आधी हलकेच जागवण्याचा उपाय काही आठवडे करतात. दृष्ट काढली तरी तपासणी लांबवू नये.

बंगळूरजवळील होसकोट्याच्या मराठी कुटुंबांना तपासणीसाठी बंगळूरची निम्हान्स ही मानसिक आरोग्य व मेंदूविज्ञान संस्था (स्थापना १९७४) जवळ आहे. २०२२ पासूनच्या ‘टेली-मानस’ (१४४१६) या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेवर मराठीतही बोलता येते.