झाकणाआडचे लेखन : जुन्या घड्याळांवरील ओरखडे आणि अर्थनिर्णयनाचा प्रश्न

लेखनाचा इतिहास मांडताना आपण शिलालेख, ताम्रपट, पोथी, दप्तर आणि छापील ग्रंथ असा एक क्रम गृहीत धरतो. विसाव्या शतकात विपुल प्रमाणात झालेले एक लेखन मात्र या क्रमाबाहेरच राहिले आहे. जुन्या मनगटी घड्याळाचे मागचे झाकण उघडले, तर त्याच्या आतल्या बाजूस कारखान्याच्या ठशांच्या आजूबाजूला हाताने ओरखडलेल्या बारीक खुणा दिसतात. तीनचार आकडे, एखादे अक्षर, एखादी तिरकी रेघ, कधी तारखेसारखी वाटणारी अंकांची जोडी, असे त्यांचे स्वरूप असते. वारशाने घड्याळ मिळालेल्या माणसाला त्या गूढ वाटतात. कोणी त्यांत लष्करी संकेत शोधतो, तर कोणी प्रिय व्यक्तीची आद्याक्षरे. हे गूढ खुणेत असते की वाचकाच्या स्थितीत, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे.

१

प्रथम वस्तुस्थिती पाहू. घड्याळावर तीन प्रकारचे लेखन संभवते. पहिला प्रकार कारखान्याच्या किंवा शासनाच्या ठशाचा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याला दिलेल्या मनगटी घड्याळांच्या पाठीवरील बाणाची खूण या प्रकारात मोडते. दुसरा प्रकार भेटीच्या वा गौरवाच्या कोरीव मजकुराचा. हे दोन्ही प्रकार इतरांनी वाचावेत म्हणूनच अस्तित्वात येतात. तिसरा प्रकार दुरुस्ती करणाऱ्या घड्याळजीच्या ओरखड्यांचा. दुकानातील वहीत नोंदलेला कामाचा क्रमांक, दुरुस्तीची तारीख, स्वतःचे आद्याक्षर किंवा केलेल्या कामाची सांकेतिक खूण तो अणकुचीदार हत्याराने झाकणाच्या आत ओरखडून ठेवी. घड्याळ पुन्हा दुकानात आले की आपण ते केव्हा उघडले होते, हे त्याला कळे. दुरुस्तीच्या हमीवरून वाद उद्भवल्यास तोच पुरावा ठरे. यंत्र साफ करताना शाई टिकत नाही आणि आत ठेवलेला कागद यंत्राला बाधतो; म्हणून धातूवरच लिहिणे भाग होते. युरोपात घड्याळे गहाण ठेवून घेणारे सावकारही अशाच खुणा करीत.

पर्सच्या परिभाषेत बोलायचे तर या खुणेत दोन चिन्हप्रकार एकत्र नांदतात. आकडा म्हणून ती संकेताधिष्ठित चिन्ह आहे. ओरखडा म्हणून ती एका घटनेचा प्रत्यक्ष माग आहे. संकेत हरवला तरी माग उरतो. तीन वेगवेगळ्या हातांच्या खुणा दिसल्या, तर ते झाकण तीन हातांनी उघडले होते, एवढे अनुमान करता येते. परंतु ‘२४६’ हा आकडा तारीख आहे की वहीतील क्रमांक, हे ती वही समोर असल्याखेरीज ठरवता येत नाही. कार्लो गिन्झबर्ग यांनी १९७९ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात मागावरून अनुमान करण्याच्या ज्ञानपद्धतीचा विचार केला. त्या पद्धतीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा ही दोन्ही येथे एकाच झाकणावर दिसतात.

२

विदर्भातील वाङ्मयाभ्यासकाला येथे महानुभावांच्या सकळ लिपीची आठवण होणे स्वाभाविक आहे. पंथाबाहेरच्या वाचकाला ग्रंथ वाचता येऊ नयेत, अशी व्यवस्था त्या लिपीने साधली आणि पंथातील परंपरेने तिची किल्ली शतकानुशतके जपली. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांनी ती किल्ली अभ्यासकांपुढे आणली. पुढे १९७८ साली वि. भि. कोलते यांनी संपादिलेले ‘लीळाचरित्र’ प्रसिद्ध झाले. घड्याळजीच्या खुणेची कथा याच्या नेमकी उलट आहे. तिच्यात लपवण्याचा हेतू नव्हता. तिचा अभिप्रेत वाचक एकच होता, तो म्हणजे पुन्हा झाकण उघडणारा कारागीर, बहुधा लिहिणारा स्वतःच. सकळ लिपी हेतुतः गूढ होती, पण तिचा वाचकसमूह टिकला, म्हणून ती उलगडली. घड्याळावरील खूण हेतुतः उघड होती, पण तिचा वाचकसमूह विखुरला, म्हणून ती गूढ झाली. स्टॅन्ली फिश ज्याला अर्थनिर्णायक समूह म्हणतात, त्याच्या अभावाचेच दुसरे नाव येथे गूढता आहे. भोजपूरच्या अपूर्ण शिवमंदिराच्या दगडांवरील पाथरवटांच्या खुणाही आज आपल्यापुढे अशाच उभ्या आहेत.

३

या लेखनाचा सर्वांत प्रसिद्ध नमुना मनगटी घड्याळाचा नसून खिशातील घड्याळाचा आहे. परंतु पाठचिकित्सेच्या दृष्टीने तो फार उद्बोधक आहे. १८६१ च्या एप्रिलमध्ये अब्राहम लिंकन यांचे घड्याळ वॉशिंग्टनच्या एका दुकानात दुरुस्तीला आले असता जोनाथन डिलन या आयरिश घड्याळजीने त्याच्या आत काही ओळी कोरल्या. १९०६ साली, म्हातारपणी, त्याने एका वृत्तपत्राला सांगितले की पहिली तोफ डागली गेली, गुलामगिरी संपली, अशा आशयाचा मजकूर आपण लिहिला होता. २००९ च्या मार्चमध्ये वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयाने ते घड्याळ उघडले. ओळी होत्या, पण गुलामगिरीचा उल्लेख नव्हता. बंडखोरांनी सम्टर किल्ल्यावर हल्ला केल्याची नोंद आणि आपल्याला सरकार आहे याबद्दल ईश्वराचे आभार, इतकेच तेथे होते. किल्ल्याच्या नावाचे स्पेलिंग चुकले होते आणि १२ एप्रिलचा हल्ला १३ तारखेचा म्हणून नोंदला होता. त्याच यंत्रावर १८६४ सालच्या दुसऱ्या एका घड्याळजीचे नाव आणि बंडखोरांचे अध्यक्ष जेफ डेव्हिस यांचेही नाव आढळले.

पंचेचाळीस वर्षांत स्मृतीने संहितेचे संपादन केले होते. युद्धाला पुढे जो अर्थ प्राप्त झाला, तो डिलनने पहिल्या दिवसाच्या ओळीत मागाहून वाचला. त्याच्या आठवणीवाचून घड्याळ उघडलेच गेले नसते आणि घड्याळ उघडल्यावाचून आठवणीतील भर कळली नसती. म्हणून मौखिक परंपरा की वस्तुनिष्ठ पुरावा, असा पर्याय मांडणे चूक आहे. एकाने दुसऱ्याला तपासावे लागते.

४

नामवंत मालकामुळे डिलनचा हात इतिहासात आला. नागपुरात किंवा अन्य शहरांत ज्यांनी आयुष्यभर चाव्यांची घड्याळे उघडली, त्या कारागिरांचे लेखन मात्र नष्ट होत आहे. बंगळूरला १९६१ साली सुरू झालेले एचएमटीचे घड्याळ-उत्पादन बंद करण्यास केंद्र सरकारने २०१६ साली मंजुरी दिली. त्याआधीच क्वार्ट्‌झ घड्याळांनी सेल बदलण्यापुरते काम शिल्लक ठेवले होते. दुकाने मिटतात तेव्हा वह्या रद्दीत जातात. आणि जुने घड्याळ चकचकीत करून विकणारा व्यापारी ओरखडे घासून टाकतो. अशा प्रकारे संहिता आणि तिची किल्ली, दोन्ही एकदमच लोपतात.

वा. वि. मिराशी यांनी नागपुरात बसून वाकाटकांच्या ताम्रपटांचे जे वाचन केले, त्या विद्येत एक शिस्त आहे. अक्षराचे स्थान, वळण आणि खोली आधी नोंदवायची; अर्थ नंतर. जे अक्षर लागत नाही तेथे कल्पित शब्द न घालता जागा रिकामी ठेवायची. श्रमिकांच्या लेखनालाही हीच शिस्त लागू केली पाहिजे. घासण्यापूर्वी खुणांची छायाचित्रे घ्यावीत, हयात घड्याळजींना त्यांचे संकेत विचारावेत, वह्या मिळवाव्यात. आपण केलेल्या कामाची जबाबदारी घेण्यासाठी एका माणसाने धातूवर लिहिले, हा या खुणेचा किमान आणि निश्चित अर्थ आहे. प्रेमकथा वा हेरकथा रचून आपण तिचा गौरव करीत नाही. तिच्या लेखकाला दुसऱ्यांदा पुसून टाकतो.