सोडियमची आग आणि कागदावरची आग : एका गणिताचा इतिहास

१/ ८ डिसेंबर १९९५. जपानच्या फुकुई प्रांतातील त्सुरुगा येथे ‘मोंजू’ ही अणुभट्टी कमी शक्तीवर चाचणीसाठी चालू होती. सायंकाळी पावणेआठच्या सुमारास नियंत्रण कक्षात धोक्याचा इशारा वाजला. भट्टीच्या दुय्यम मंडलातील एका नळातून वितळलेले सोडियम बाहेर पडत होते आणि हवेत येताच पेटत होते. एकूण सुमारे ६४० किलो सोडियम सांडले. ते किरणोत्सारी नव्हते. जीवितहानीही झाली नाही. तरीही ही भट्टी त्यानंतर चौदा वर्षांहून अधिक काळ बंद राहिली.

२/ मोंजूच्या अभियंत्यांना सोडियम पेटते हे ठाऊक नव्हते, असे कोणी म्हणू शकणार नाही. अशी आग किती उष्ण होईल, किती वेळ टिकेल, याची गणिते जगभर वीस वर्षांहून अधिक काळ संगणकावर मांडली जात होती. मग इतका धक्का कशाचा बसला? या प्रश्नाचे उत्तर शोधताना विसाव्या शतकाच्या तंत्रज्ञानेतिहासातील एक कमी वाचले गेलेले प्रकरण उलगडते.

३/ प्रथम सोडियमच का, हे पाहू. जलद प्रजनक अणुभट्टीत न्यूट्रॉनचा वेग टिकवून ठेवावा लागतो. पाणी तो वेग कमी करते, म्हणून तेथे पाणी चालत नाही. सोडियम ९८ अंश सेल्सिअसला वितळते आणि ८८३ अंशांना उकळते. म्हणजे पाचशे अंशांवरही ते द्रवरूपच राहते, आणि पाण्याच्या भट्टीत लागतो तसा प्रचंड दाब त्याला लागत नाही. उष्णता वाहून नेण्यात तर त्याची बरोबरी करणारे द्रव फारच थोडे.

४/ या गुणांची किंमतही आहे. हम्फ्री डेव्ही यांनी १८०७ साली कॉस्टिक सोड्यातून विजेच्या साह्याने हा धातू प्रथम वेगळा केला, तेव्हापासूनच त्याचा तापट स्वभाव रसायनशास्त्राला परिचित आहे. पाण्याशी संयोग झाला की हायड्रोजन सुटतो. तप्त सोडियम हवेत पेटते आणि पांढराशुभ्र दाट धूर सोडते. हा धूर हवेतील ओलावा शोषून कॉस्टिक सोडा बनतो. तो डोळे, फुप्फुसे आणि विजेची यंत्रे या सर्वांचा शत्रू.

५/ ही आग दोन रूपांत येते. सोडियम जमिनीवर साचून तळ्यासारखे जळते, ती ‘तळ्याची आग’. नळातून जोराने उडून थेंबाथेंबाने हवेतच जळते, ती ‘फवाऱ्याची आग’. तळ्यावर ऑक्साइडची साय धरते, ज्वाला बुटकी राहते आणि आग संथ चालते. फवाऱ्यात मात्र थेंबाचा व्यास निम्मा झाला की तितक्याच सोडियमचे हवेला भिडणारे क्षेत्रफळ दुप्पट होते. उष्णता काही क्षणांत मोकळी होते आणि बंद खोलीतील हवेचा दाब एकदम चढतो. पुढचा सारा इतिहास या दोन रूपांभोवती फिरतो.

६/ खरी भट्टी पेटवून पाहता येत नाही. म्हणून लहान प्रयोग करायचे, त्यांवरून समीकरणे बांधायची आणि ती संगणकाकडून सोडवून घ्यायची, हा मार्ग निघाला. त्यातील आरंभीचे महत्त्वाचे काम अमेरिकेत झाले. ॲटॉमिक्स इंटरनॅशनल या कंपनीत ‘सोफायर’ हा कोड लिहिला गेला. त्याची सुधारित आवृत्ती ‘सोफायर-२’ १९७० च्या दशकात वापरात आली. ती केवळ तळ्याच्या आगीसाठी होती.

७/ सोफायरची कल्पना साधी होती. आग ऑक्सिजनवर जगते. तेव्हा खोलीतील ऑक्सिजन किती वेगाने तळ्याच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचतो, ते काढा. त्यावरून किती सोडियम जळेल ते कळेल. मग ती उष्णता हवा, भिंती आणि जमीन यांच्यात वाटून द्या. खोलीतील सारी हवा एकाच तापमानाची आहे असे धरले जाई. त्या काळच्या संगणकाच्या ताकदीचा विचार करता ही तडजोड अपरिहार्य होती.

८/ फवाऱ्यासाठी हॅनफर्ड येथे ‘स्प्रे’ हा कोड तयार झाला. येथे अडचण अशी, की फुटलेल्या नळातून उडणारे थेंब मोजायचे कसे? त्यासाठी आधार घेतला गेला तो नुकियामा आणि तानासावा या जपानी अभियंत्यांच्या सूत्राचा. १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी हवेच्या झोताने द्रवाचे तुषार कसे होतात याचा अभ्यास केला होता. त्यांना अणुभट्टीची कल्पनाही नव्हती. एका पिढीचे मोजमाप दुसऱ्या पिढीच्या अगदी निराळ्या प्रश्नात कसे जाऊन बसते, याचे हे सुंदर उदाहरण.

९/ येथे इतिहासाच्या अभ्यासकाने थोडे थांबावे. असा कोड चालवण्यापूर्वी माणसाला काही निवडी कराव्या लागतात. भोक केवढे? सोडियम सांडेल की उडेल? गळती किती मिनिटांत लक्षात येईल? खोलीत ओलावा किती? संगणक यांपैकी काहीच ठरवत नाही. म्हणून असा कोड आणि त्याला पुरवलेली माहिती हे इतिहासाचे साधनच आहे. त्या काळातील जाणकारांना कशाची भीती वाटत होती आणि कशाची वाटत नव्हती, हे त्यातून वाचता येते.

१०/ या निवडींची पहिली मोठी कसोटी लागली ती एका सौरऊर्जा केंद्रात! दक्षिण स्पेनमधील अल्मेरिया येथे आरशांनी सूर्यकिरण एकवटून त्यांची उष्णता द्रव सोडियममध्ये साठवण्याचा आंतरराष्ट्रीय प्रयोग चालू होता. ऑगस्ट १९८६ मध्ये एका व्हॉल्व्हच्या दुरुस्तीच्या वेळी सोडियम फवाऱ्यासारखे बाहेर उडाले. दहा टनांहून अधिक सोडियम अल्पावधीत जळून गेले आणि इमारतीचे पोलादी भाग वाकले.

११/ त्या वेळी फ्रान्समध्ये ‘सुपरफिनिक्स’ ही १,२०० मेगावॉटची प्रजनक भट्टी नुकतीच वीजजाळ्याला जोडली गेली होती. तिच्यात पाच हजार टनांहून अधिक सोडियम होते. तिच्या सुरक्षेचा विचार मुख्यतः तळ्याची आग डोळ्यांसमोर ठेवून झालेला. अल्मेरियाने दाखवून दिले, की मोठ्या प्रमाणावरील फवाऱ्याची आग ही केवळ सैद्धांतिक शक्यता नाही.

१२/ त्यामुळे फ्रान्समध्ये पुन्हा गणिते मांडली गेली. १९९२ साली सरकारने भट्टी पुन्हा सुरू करण्यास मंजुरी नाकारली आणि फवाऱ्याच्या आगीपासून संरक्षणाची कामे आधी पूर्ण करण्यास सांगितले. ज्या दालनांतून दुय्यम सोडियमचे नळ जात होते, तेथे मोठे फेरबदल झाले. भट्टी सुरू व्हायला १९९४ चा ऑगस्ट उजाडला. १९९७ मध्ये तर ती कायमची बंद करण्याचा निर्णयच जाहीर झाला. स्पेनच्या आरशांनी फ्रान्सच्या अणुभट्टीचे गणित बदलले होते.

१३/ जपाननेही दरम्यान अमेरिकी वारसा पुढे नेला होता. स्प्रे आणि सोफायर यांच्या सुधारित आवृत्त्या एकत्र जोडून ‘ॲस्कॉप्स’ हा कोड तेथे तयार झाला. हवेत जळणारे थेंब आणि खाली साचलेले तळे, दोन्हींचा हिशेब तो एकाच वेळी करत असे. म्हणजे अल्मेरियाचा धडा येथे अनोळखी नव्हता. तरीही मोंजू घडले.

१४/ गळतीचे मूळ अगदी क्षुल्लक भासणारे होते. सोडियमचे तापमान मोजण्यासाठी नळात खुपसलेल्या तापमापकाची धातूची म्यान तुटली. वाहत्या सोडियममुळे म्यानीच्या मागे भोवरे उठत, त्यांनी ती सतत थरथरत राहिली आणि जेथे तिची जाडी एकदम बदलत होती तेथे धातू थकून तुटला. त्या वाटेने सोडियम ठिबकत राहिले. गळती लहान आहे असा समज झाल्याने भट्टी तत्काळ बंद न करता सावकाश थंड केली जात होती. पुढे आगीची तीव्रता लक्षात आल्यावर, सुमारे दीड तासाने, ती बंद केली गेली. खोलीत हवा खेळवणारी यंत्रणा मात्र त्यानंतरही काही काळ चालूच राहिली. आगीला ताजा ऑक्सिजन मिळत होता.

१५/ खाली काय झाले? तेथील हवेच्या नलिकेला आणि लोखंडी जाळीला भोके पडली. जमिनीवर सुमारे तीन मीटर व्यासाचा, ३० सेंटिमीटर उंचीचा जळक्या सोडियमचा ढीग साचला. त्याखाली सहा मिलिमीटर जाडीचे पोलादी अस्तर होते. सोडियम काँक्रीटला लागू नये, लागल्यास काँक्रीटमधील पाण्याशी संयोग होऊन हायड्रोजन सुटेल, म्हणून हे अस्तर. मोंजूत ते काहीसे झिजले, फुटले नाही.

१६/ मग १९९६ मध्ये ओआराई येथील संशोधन केंद्रात हीच गळती प्रयोगाने पुन्हा घडवून पाहण्यात आली. एका प्रयोगात तशाच अस्तराला चक्क भोके पडली! खोली मोंजूपेक्षा लहान होती. तापलेल्या काँक्रीटच्या भिंतींतून अधिक बाष्प सुटले. त्या बाष्पाने सोडियमच्या संयुगांचा एक वितळलेला, पोलाद खाणारा द्रव तयार झाला. उष्णतेने अस्तर किती तापेल आणि प्रसरण पावेल याचा विचार आधी झाला होता. रसायनाने ते किती खाल्ले जाईल, याचा झाला नव्हता.

१७/ यातून दुसरे एक गृहीतक कोसळले. मोठ्या गळतीत सुरक्षित ठरलेली रचना लहान गळतीत सुरक्षितच असणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु लहान गळती उशिरा लक्षात येते, एकाच जागी ठिबकत राहते आणि तिला पुरेशी हवाही मिळते. त्या एका जागी अस्तराची झीज अधिक होऊ शकते. ‘सर्वांत वाईट प्रसंग’ कोणता, हे आधी ठरवूनच गणित मांडले गेले होते. तो प्रसंगच चुकीचा निवडला गेला होता.

१८/ भट्टी चालवणाऱ्या सरकारी महामंडळाने अपघातस्थळाचे चित्रीकरण काटछाट करून प्रसिद्ध केले. ते उघड होताच लोकांचा विश्वास उडाला. स्थानिक रहिवाशांनी १९८५ पासून खटला चालवलाच होता. जानेवारी २००३ मध्ये नागोया उच्च न्यायालयाच्या कानाझावा शाखेने भट्टीची १९८३ ची परवानगी रद्दबातल ठरवली. अस्तराच्या क्षरणाचा विचार सुरक्षा-तपासणीत झाला नाही, हे त्यामागील एक प्रमुख कारण. म्हणजे आता एक संगणकीय गणित, किंबहुना त्यातून सुटलेली एक ओळ, न्यायालयात उभी होती. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला. भट्टी २०१० मध्ये काही महिने चालली आणि डिसेंबर २०१६ मध्ये ती मोडीत काढण्याचे ठरले.

१९/ दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. रशियातील ‘बीएन-६००’ ही सोडियमचीच भट्टी १९८० पासून चालू आहे. १९९७ पर्यंत तेथे २७ गळत्या झाल्या, त्यांपैकी १४ वेळा आग लागली. तरी भट्टी वीज देत राहिली. तेव्हा सोडियमची आग म्हणजे भट्टीचा अंत, असे समीकरण इतिहास मांडत नाही. किती आग सोसायची, हे भौतिकशास्त्राइतकेच समाज आणि शासन ठरवतात.

२०/ मोंजूनंतर जपानने ‘स्फिंक्स’ आणि ‘ॲक्वा-एसएफ’ हे कोड पुढे आणले. पहिला खोलीचे मोजके भाग पाडून झटपट हिशेब करतो. दुसरा हवेचा प्रवाह आणि ज्वाला यांचे त्रिमितीय चित्र काढतो. अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेने पुढे जपानी संशोधकांच्या सहकार्याने या कामातील प्रारूपे आपल्या सुरक्षा-कोडमध्ये सामावून घेतली. अमेरिकेतून जपानला गेलेली विद्या अनुभवाने पोळून माघारी आली.

२१/ हा इतिहास आपल्यालाही दूरचा नाही. डॉ. होमी भाभा यांनी मांडलेल्या तीन टप्प्यांच्या अणुकार्यक्रमाचा दुसरा टप्पा सोडियमच्या भट्ट्यांवरच उभा आहे. तमिळनाडूतील कल्पाक्कम येथे फ्रान्सच्या ‘राप्सोडी’च्या धर्तीवरील चाचणी भट्टी ऑक्टोबर १९८५ मध्ये कार्यान्वित झाली. तेथेच उभारलेल्या ५०० मेगावॉटच्या भट्टीचा गाभा भरण्यास मार्च २०२४ मध्ये प्रारंभ झाला. कल्पाक्कम समुद्रकिनारी आहे. ओलाव्याने ओआराईच्या अस्तराचे काय केले ते आठवले, की परक्या देशाचे कोड जसेच्या तसे न उचलता येथील प्रयोगांशी ताडून पाहणे का अगत्याचे, हे उमगते.

२२/ जुन्या बखरी वाचताना लेखकाने काय सांगितले याबरोबरच काय गाळले, हेही आपण पाहतो. अणुभट्टीच्या सुरक्षेचा अहवाल हातात आला, तर तोही तसाच वाचावा. त्यातील उत्तरे संगणकाची असतात, प्रश्न माणसांचे. अल्मेरिया, मोंजू आणि ओआराई या तिन्ही ठिकाणी समीकरणांपेक्षा प्रश्नच अपुरे पडले होते. नव्या भट्टीविषयी नागरिक म्हणून आपण एकच गोष्ट विचारू शकत असू, तर ती हीच विचारावी : या गणितात कोणती आग धरलेली नाही?