तंजावर : पाण्याची वाटणी आणि भाताचे कोठार

श्रोतेहो, तंजावर म्हटले की आपल्याला आठवते भोसल्यांची गादी. शिवाजीमहाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७६ च्या सुमारास तेथे राज्य स्थापिले. ते घराणे १८५५ पर्यंत नांदले. सरस्वतीमहालात मराठीतले मोडी कागद आजही जपून ठेवलेले आहेत. पण आज आपण राजवाड्यात थांबायचे नाही. शेताच्या बांधावर जायचे. कारण राजे आले आणि गेले, तंजावर जगले ते कावेरीच्या पाण्यावर.

कावेरी कर्नाटकातल्या कोडगूच्या डोंगरात उगम पावते. तिरुचिरापल्लीजवळ तिला कोल्लिडम नावाचा फाटा फुटतो. कोल्लिडमचे पात्र सखल. पाणी मोकळे सोडले तर ते तिकडेच धावणार, आणि तंजावरची शेते कोरडी राहणार! म्हणून फार प्राचीन काळी कल्लणै, म्हणजे दगडी बंधारा, बांधला गेला. परंपरा त्याचे श्रेय करिकाल चोळ राजाला देते. पुढे १८३६ च्या सुमारास आर्थर कॉटन या इंग्रज इंजिनिअराने कोल्लिडमच्या तोंडाशी दुसरा बंधारा घातला. १९३४ साली मेट्टूरचे धरण झाले. पाणी पुरेसे असले तर १२ जूनला धरणाची दारे उघडायची, असा रिवाज पडला. शेतकऱ्याचे सारे पंचांग त्या तारखेवर! पाणी वेळेवर आले तर आधी कमी दिवसांचे कुरुवै भात आणि त्यावर ताळडी, अशी दोन पिके; उशीर झाला तर सांबा हे एकच लांब मुदतीचे पीक.

आता कोणी म्हणेल, एवढे पाणी, एवढे भात, मग गाव सुखीच असणार. तसे नव्हते, मंडळी. तिकडच्या जमीनमालकाला म्हणत मिरासदार; शब्द आपल्याच कागदांतला. आणि चिखलात उतरून लावणी करणारा तो पण्णैयाळ, आपल्याकडच्या सालगड्यासारखा. त्यांतले पुष्कळ दलित. मजुरी धान्यात, तीही तुटपुंजी. १९५२ साली पण्णैयाळांच्या संरक्षणाचा कायदा झाला. १९६० नंतर सघन शेतीची योजना आली, नवे बियाणे आले, पीक वाढले. मजुरांनी वाढीव मजुरी मागितली. त्या तंट्यात २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री कीळवेण्मणी गावी दलित मजुरांची ४४ माणसे झोपडीत जाळली गेली. त्यांत बायका आणि लेकरेच अधिक होती. पुढच्याच वर्षी, १९६९ साली, शेतमजुरांच्या रास्त मजुरीचा कायदा झाला. कोठारात धान्य मावेना, आणि ते पिकविणाऱ्याच्या मडक्यात दाणा नाही, ही गोष्ट इतिहासाने लिहून ठेवलीच पाहिजे.

तो जुना मोठा जिल्हा आता एक राहिला नाही. १९९१ साली नागपट्टिणम निघाले, १९९७ साली तिरुवारूर, आणि २०२० साली नागपट्टिणमातून मयिलाडुतुरै. जिल्हे वाटले गेले, पण पाणी तेच. त्या पाण्यावरून कर्नाटक आणि तमिळनाडू यांचा वाद फार जुना. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूसाठी वर्षाला १७७.२५ अब्ज घनफूट पाणी ठरवून दिले. तरी पावसाने ओढ दिली की तंटा पुन्हा उभा राहतो, आणि समुद्रालगतच्या शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचता पोचत नाही. आपल्याकडे कालव्याच्या टेलचा शेतकरी ज्या काळजीने पाटाकडे डोळे लावून बसतो, तीच काळजी तिथे.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, वर्गात दक्षिण भारताचा नकाशा काढाल तेव्हा कावेरीचे हे फाटे मुलांना काढायला लावा. मग विचारा, पाणी आधी कुणाला मिळते, शेवटी कुणाला, आणि पिकातला वाटा कुणाच्या घरी जातो? हे तीन प्रश्न तंजावरला जितके लागू आहेत, तितकेच आपल्या गावच्या पाटालाही.