हजरतगंजचा छापखाना आणि त्याची माणसं

माझे वडील पुण्यात आयुष्यभर छापखान्यात खिळे जुळवत होते. म्हणून कोणत्याही छापखान्याचा इतिहास हाती आला की मी आधी कामगारांची पानं उघडतो. लखनौच्या हजरतगंज भागातल्या छापखान्याचे मालक मुन्शी नवलकिशोर यांची गोष्ट तर तिथूनच सुरू होते.

1856मध्ये इंग्रजांनी अवध खालसा केलं, तिथले नवाब वाजिद अली शाह कलकत्त्याला गेले, पाठोपाठ सत्तावनचा वणवा पेटला. दरबाराच्या आश्रयावर जगणारे कातिब (सुलेखनकार), मौलवी, दास्तानगो (कथेकरी) उघड्यावर पडले. लाहोरच्या कोहिनूर छापखान्यात धंदा शिकलेल्या बावीस वर्षांच्या नवलकिशोरांनी 1858मध्ये लखनौत छापखाना काढला, ‘अवध अखबार’ सुरू केला आणि या पोरक्या गुणवंतांना हाताशी धरलं. पुढच्या सगळ्या वाढीचं मूळ मला या निर्णयात दिसतं.

काम शिळाछापाचं होतं, कारण उर्दूची नस्तालिक लिपी खिळ्यांत बसवणं फार अवघड. कातिब तेलकट शाईने कागदावर लिहायचा आणि ते लेखन दगडावर उतरायचं. दगडावरच्या चुका उलट्या अक्षरांत दुरुस्त करणारा संगसाज वेगळाच. कातिबाचा हात थरथरला की पान बिघडलं! असा माणूस घडायला वर्षं लागतात. आज आणला, उद्या घालवला, असं त्याच्या बाबतीत चालत नाही. मालक हिंदू, पण कुराण छापताना वुजू (नमाजाआधी हात-पाय-तोंड धुणं) केलेलेच कारागीर कामाला बसत, असं सांगतात. कारागिराच्या श्रद्धेचा मान राखणं हाही तिथे कामाचाच भाग होता.

नवलकिशोरांची पारखही मोठी. खिरीकडे शाळामास्तर असलेल्या रतननाथ सरशारांना त्यांनी 1878मध्ये ‘अवध अखबार’चं संपादक केलं, त्यांची ‘फसाना-ए-आझाद’ ही कादंबरी त्याच पत्रात क्रमशः आली. ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ या प्रदीर्घ दास्तानीचे पहिले चार खंड मुहम्मद हुसैन जाह यांनी लिहिले आणि मग छापखाना सोडला. तरी काम अडलं नाही. अहमद हुसैन कमर यांनी 1893पर्यंत उरलेले खंड पुरे केले. एक माणूस गेला तर दुसरा तयार असतो, ही धंद्याची खरी श्रीमंती.

आपल्याकडे मुंबईत निर्णयसागर छापखान्याच्या जावजी दादाजींना राणोजी रावजी आरूंसारखा अक्षरं कोरणारा कारागीर लाभला, आणि त्या टायपाने मराठी-संस्कृत ग्रंथांना रूप दिलं. आरूंचं नाव निदान जाणकारांना ठाऊक आहे. लखनौच्या बहुतेक कातिबांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. जुन्या शिळाछाप पुस्तकांच्या शेवटच्या पानावर अनेकदा कातिबाचं नाव असतं. असं पुस्तक कुणाच्या घरात असेल तर ते रद्दीत देण्याआधी तेवढं पान वाचून घ्या आणि ते नाव कुठेतरी नोंदवून ठेवा.